एकोणीस टोप्या

सूंघमावशी पोरांच्या डोक्याचा वास घ्यायची. हे वाक्य जरा बरं दिसेल असं करायचा मी प्रयत्न केला, पण जे होतं ते हेच. रोज सकाळी शाळेच्या फाटकात ती उभी राहायची आणि आत येणाऱ्या प्रत्येक पोराच्या टाळूवर वाकून, डोळे मिटून, एक लांब श्वास घ्यायची. मग पोराच्या पाठीवर हलकी थाप. पोरगं आत. पुढचं डोकं.

पहिल्या दिवशी हे पाहून मी फाटकातच थबकले. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते, गणित घेऊन. बाबा लकडगंजातल्या एका वखारीत हमाल, आई चार घरची धुणीभांडी करणारी. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते, त्यात मला संकोच वाटत नाही. तर अशी मी टीचर म्हणून पहिल्या दिवशी शाळेत जाते, आणि दारात एक साठीची बाई लेकरांची डोकी हुंगत उभी. मला वाटलं, ज्यातून बाहेर पडायला मी पंधरा वर्षं शिकले, ते सगळं माझ्या आधी इथं येऊन उभं आहे.

शाळा म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. नर्सरी आणि केजी. मागच्या गल्लीत लाकूड कापायची आरामशीन, तिची किरकिर दिवसभर चालू. पोरं सगळी आजूबाजूच्या व्यापाऱ्यांची, कुणाची लाकडाची वखार, कुणाचं मिरचीचं ठोक दुकान, कुणाचं तेलाचं. अर्धी पोरं घरी हिंदी बोलायची, म्हणून मावशीचं नाव पडलं सूंघमावशी. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, मी ते वाचलंही असेल. पण पालकांपासून संचालकांपर्यंत सगळे तिला सूंघमावशीच म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

वासावरून तिला काय काय कळायचं ते ऐकून पहिले काही महिने मी नुसती हसले. हा रात्री आजोबाजवळ झोपला, बामाचा वास येऊन राहिला. हिच्या घरी काल पूजा झाली. याची आंघोळ झाली नाही, नुसतं तोंड पुसून धाडला. एकदा तिनं एका पोराला फाटकातच अडवलं आणि मला म्हणाली, याले घरी धाडा, याचं डोस्कं आज आजारी वासाचं हाय. पोरगं चांगलं उड्या मारत होतं. मी म्हटलं, मावशी, असं कसं धाडता येईल. दुपारपर्यंत त्याला ताप भरला, आणि दुसऱ्या दिवशी अंगभर कांजिण्या. मी तिला समजावलं की एका उदाहरणावरून सिद्धांत होत नसतो.

"मले सिद्धांत नाही करायचा, मॅडम," ती म्हणाली. "मले पोराले घरी धाडायचं होतं."

फाटकाच्या आत ती मला मॅडम म्हणायची आणि फाटकाच्या बाहेर पोरी. तिचा नवरा माझ्या बाबांच्याच वखारीत होता, हयात होता तोवर. मला तिनं फ्रॉकमध्ये पाहिलेलं होतं. तरी आत एकदाही चुकून ती पोरी म्हणाली नाही. मी एकदा म्हटलं, मावशी, काय फरक पडतो. ती म्हणाली, तुह्या बापानं लाकडाचे इतके फाटे पाठीवर वाहिले ते काय मी तुले पोरी म्हणावं म्हणून? मला ते फार आवडलं होतं. त्या मॅडममध्ये काय होतं, ते कळायला मला पुढं वेळ लागला.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत माझ्या वर्गात चावाचावी सुरू झाली. सुरुवात आर्वीनं केली. चार वर्षांची, बारकी, गोड दिसणारी पोरगी, वडिलांचं तेलाचं दुकान. ती एका आठवड्यात तिघांना चावली, आणि मग ते तिघं इतरांना चावायला लागले. पोरं खोकत होती, रडत होती, दुपारी कुणी झोपेना. खिडकी उघडली की भुसा आत, बंद केली की घुसमट. मी पालकांना चिठ्ठ्या लिहिल्या, वर्गात चित्रांचा तक्ता लावला, काही उपयोग नाही.

मावशीनं आर्वीच्या डोक्याचा वास घेतला आणि मला बाजूला बोलावलं. तेलवाल्याची पोरगी, आणि तीन दिवसांपासून डोक्याला तेल नाही, म्हणाली. हिची माय घरी नाही. मी वडिलांना फोन केला. ते म्हणाले, हो, बाळ घेऊन माहेरी गेली आहे, येईल. कधी येईल ते त्यांनाही माहीत नव्हतं. पोरीला ते दुकानात बसवत आणि दुकानातला नोकर तिला शाळेत सोडत असे.

"या पोराइले एक दिवस मोकळं सोडा," मावशी म्हणाली. "भिंती चावून राहिल्या त्याइले, मग ते एकमेकाले चावते."

सहलीचं असं ठरलं. आमचे संचालक, त्यांना सगळे भैयाजी म्हणत, त्यांच्या नात्यातल्या एकाचं कोराडी रोडला शेत होतं. नाला, आंब्याची चार झाडं, बांधावर पळस. भैयाजींनी परवानगी दिली, पण त्याआधी मला केबिनमध्ये बोलावून एक तक्रार दाखवली. एका पालकानं लिहिलं होतं की शाळेतली आया पोरांच्या डोक्यात नाक घालते, हे आरोग्याला घातक आहे. भैयाजी म्हणाले, एप्रिलपासून ट्रेनिंगवाली आया बघू. ही सहल नीट झाली तर विचार करू, नाही तर मावशीला राम राम. त्यांना वाटत होतं की पोरांवर लक्ष ठेवण्याची काही पद्धत असावी. पद्धत माझ्याकडे होती. मी म्हटलं, सगळ्यांना एकसारख्या नारिंगी टोप्या देऊ. पोरं हलतात, धावतात, तोंडं दिसत नाहीत. पण टोपी लांबून दिसते. टोप्या मोजायच्या. भैयाजी खूश झाले. "ये हुई ना पढ़ी-लिखी बात," म्हणाले. मी इतवारीच्या बाजारातून टोप्या आणल्या, एकोणीस.

मला आडपडदा ठेवून बोलता येत नाही. मी त्याच दिवशी मावशीला सगळं सांगितलं. तक्रार सांगितली, एप्रिलचं सांगितलं, आणि म्हटलं, त्या दिवशी कुणाच्या डोक्याचा वास घ्यायचा नाही, तुमची नोकरी त्यावर आहे. तिनं ऐकून घेतलं. मग फक्त विचारलं, बरं, मग पोरं कोण पाहीन? मी म्हटलं, मी मोजीन.

त्या दिवसाबद्दल मला काही वाईट लिहायचं नाही. दुपारी चारपर्यंत तो दिवस इतका चांगला होता की अजून कधी कधी मला त्याचीच आठवण आधी येते. पळस पेटलेला होता. पानं सगळी गळून गेलेली आणि नुसती केशरी फुलं, त्यांच्यामागं दूर कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या धूर सोडत उभ्या. पोरं बसमधून उतरली आणि रांगेतच उभी राहिली. जमिनीवर पाय कसा ठेवायचा हे त्यांना कळेना. एकजण म्हणाला, टीचर, नीचे गंदा है. लाकडाच्या वखारीत जन्मलेलं एक पोरगं पळसाच्या खोडावर हात ठेवून म्हणालं, "ये कौनसा माल है?"

"हा अजून माल नाही झाला, बापू," मावशी म्हणाली. "हे झाड हाय."

मग तिनं चपला काढल्या आणि नाल्याच्या घोटाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. काही बोलली नाही, बोलावलं नाही. नुसती उभी. हळूहळू एकेक पोरगं तिच्या मागं आलं. अर्ध्या तासात ती सगळी चिखलानं माखली होती, आणि मी पैज लावून सांगते, त्या दिवशी एकही पोरगं खोकलं नाही. मावशीनं शेतातल्या विहिरीपासून बरीच दूर टाचेनं मातीत एक रेघ ओढली आणि म्हणाली, याच्यापलीकडं कुणी गेलं तर मी रडीन. पोरांना रागावणं माहीत होतं, मोठ्या माणसाचं रडणं माहीत नव्हतं. कुणीही गेलं नाही.

आर्वीला तिनं हरभऱ्याचं एक हिरवं डहाळं उपटून दिलं. हरभऱ्याच्या पानाला आंबट आंब असते, ती जिभेला लागली की तोंड वाकडं होतं. "हे चाव," मावशी म्हणाली, "कितीही चाव, कोणी रागवत नाही." आर्वीनं दुपारभर ते डहाळं चावलं. शेतावर पीक कापायला, सोंगणीला, एक मजुरीण आली होती, तिचा आर्वीएवढाच एक पोरगा बांधावर खेळत होता. तो आमच्या पोरांमध्ये कधी येऊन मिसळला ते आम्हाला कळलंही नाही. दुपारी काट्याकुट्यांचा जाळ करून मावशीनं हरभऱ्याचा हुळा भाजला, झाडासकट, आणि सगळी पोरं राखेतून घाटे वेचून काळी तोंडं करून खात बसली. जेवण झाल्यावर आंब्याखाली सतरंजीवर ती आपोआप झोपली. मी झोपलेल्या टोप्या मोजल्या. एकोणीस. मला वाटलं, शिक्षण म्हणतात ते हे.

चार वाजता बसमध्ये बसवलं. अर्धवट झोपेतली पोरं, कुणी सीटवर आडवं, कुणी खिडकीला टेकलेलं, पश्चिमेचं ऊन डोळ्यावर येत होतं म्हणून सगळ्यांनी टोप्या नाकापर्यंत ओढलेल्या. मी पुढून मागं मोजत गेले, मग मागून पुढं. दोन्ही वेळा एकोणीस. ड्रायव्हरला म्हटलं, चला.

तेवढ्यात मला मागं मावशी दिसली. शेवटच्या सीटवर एक पोरगं पालथं झोपलं होतं, आणि ती त्याच्या मानेशी वाकली होती. डोळे मिटलेले. मला काय वाटलं ते मी खरं सांगते. मला राग आला. दिवस इतका नीट गेला, आता शेवटच्या क्षणी ही स्वतःची नोकरी घालवते की काय.

ती सरळ झाली आणि म्हणाली, "मॅडम, एक डोस्कं परकं लागून राहिलं."

मी म्हटलं, मावशी, सगळ्यांनाच धुराचा वास येतोय, तुम्हीच तर हुळा भाजला. तिचा हात त्या टोपीवर होता, उचलायच्या बेतात. मी म्हटलं, "काय सांगितलं होतं मी तुम्हाला? मी दोनदा मोजलं. एकोणीस आहेत."

तिनं हात मागं घेतला. "बरं, मॅडम," म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

बस निघून वीसेक मिनिटं झाली असतील. पुढं कोळशाचा ट्रक आडवा आला आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. मागच्या सीटवरचं ते पोरगं खाली घसरलं, टोपी निघाली, आणि ते उठून बसलं. काळंसावळं, केस भुरे, शर्टाला एकच बटण. मी त्याला ओळखत नव्हते. त्यानं चहूकडे पाहिलं आणि विचारलं, माय कुठी हाय?

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं ते सांगायला मला आजही जड जातं. पहिला विचार असा आला की एक जास्त झालं. वीस झाली. मी उभी राहून पुन्हा मोजायला लागले, बोट पुढं करून, आणि एकोणीसवर आले. तरी दोनतीन सेकंद मला कळेना. मी तिथं बोट तसंच धरून उभी. मग कळलं, आपली अठराच होती.

मावशी उठून आली, त्या पोराला तिनं मांडीवर घेतलं. बसमध्ये तिनं कुणाकडे पाहिलं नाही, काही शोधलं नाही. "आर्वी नाही," म्हणाली. मला अजून कोण नाही तेच ठरवता येत नव्हतं.

ड्रायव्हरनं बस वळवली. परतीच्या वाटेवर मला फक्त ती विहीर दिसत होती. कठडा नसलेली. आणि मातीतली ती रेघ, टाचेनं ओढलेली, जिच्यावर आता कुणी रडायला उभं नव्हतं. मावशी त्या पोराला विचारत होती, तुहं नाव काय गा? तो म्हणाला, बाल्या. टोपी कोणी देली? त्या डहाळं चावणाऱ्या पोरीनं देली, म्हणाला. मी गाडीत बसून पाहत होतो, तो म्हणाला. बस तासभर दार उघडं ठेवून उभी होती. बस आतून कशी असते ते त्याला पाहायचं होतं. पाहता पाहता झोप लागली.

शेत अजून बरंच दूर असताना ती दिसली. रस्त्याच्या कडेनं एक बाई आमच्या दिशेनं धावत येत होती. अनवाणी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, बाजूनं कोळशाचे ट्रक जात होते आणि ती त्यांच्याकडे पाहतही नव्हती. तिच्या कडेवर आर्वी होती. दोन्ही हातांनी तिनं त्या बाईची मान धरली होती.

बस थांबायच्या आत मावशी बाल्याला घेऊन उतरली. त्या बाईनं आर्वीला खाली ठेवलं, बाल्याला ओढून घेतलं, त्याचे हात, पाय, पाठ, डोकं सगळं चाचपलं, आणि मग तिथंच धुळीत खाली बसली. थोड्या वेळानं तिला श्वास आला तसं तिनं सांगितलं. आर्वी कधीतरी उठून तिच्याजवळ येऊन बसली होती. बाई सोंगत होती, ही पाहत बसली, मग बैलबंडीच्या सावलीत बाईच्या फडक्यावर झोपून गेली. बाईला वाटलं, यांची बाई येईल विचारत. तिनं डोकं वर केलं तेव्हा बस गेलेली होती आणि बाल्या कुठंच नव्हता.

"मी पयले विहिरीत पाह्यलं," ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही लेकरं मोजत नाही का वं बाई?"

मी आर्वीला उचलून घेतलं.

"मोजले होते, बाई," मावशी म्हणाली. "दोनदा मोजले होते."

ती टोमणा मारत नव्हती. मला वाचवत होती. त्या रस्त्यावर ते कळलं तेव्हा मला जेवढा धक्का बसला तेवढा बाल्याची टोपी निघाली तेव्हाही बसला नव्हता.

शाळेत पोचलो तर भैयाजींना ड्रायव्हरच्या फोनवरून सगळं समजलेलं होतं. त्यांचं म्हणणं सोपं होतं. आया बेसावध होती, आयाला काढलं, पालक शांत. मला म्हणाले, तुम पढ़ी-लिखी हो, आगे जाना है, चुप रहो. मी गप्प राहिले नाही. मी कागद घेतला आणि लिहून दिलं की मोजणी मी केली, टोप्यांची पद्धत माझी, मावशीला परकं पोर ओळखू आलं होतं, ती टोपी उचलत होती आणि मी तिला थांबवलं. सहीखाली बी.एस्सी. लिहायची मला सवय, त्या दिवशीही लिहिलं. चूक त्याच पदवीनं केली होती.

आर्वीचे वडील आले. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. मी वाट पाहत होते की ते ओरडतील, ओरडायला हवं होतं. त्यांनी विचारलं, ती त्या बाईजवळ झोपली होती? मी म्हटलं, हो. त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग भैयाजींना म्हणाले, मावशीला काढू नका. आणि पोरीला उचलून घेऊन गेले. तेलवाले शाळेच्या मोठ्या देणगीदारांपैकी. मावशीची नोकरी वाचली, आणि माझीही, एका लेखी ताकिदीवर.

सोमवारी मावशी आली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले, रेल्वे लाइनीच्या पलीकडच्या वस्तीत. ती दारात बसून तांदूळ निवडत होती. मी तिला एका दमात सगळं सांगितलं. कागदाचं, आर्वीच्या वडिलांचं, एप्रिलची ट्रेनिंगवाली आया रद्द झाली त्याचं, वास घ्यायला आता कुणाची हरकत नाही त्याचं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल.

"त्या बाल्याकडं कोणी गेलं होतं का?" तिनं विचारलं.

कुणीही गेलं नव्हतं. कुणाच्या मनातही आलं नव्हतं, माझ्यासुद्धा. आपण एका बाईचं पोर उचलून आणलं होतं, त्या सगळ्या कागदात त्याचं नाव नव्हतं.

"मी गेली होती काल," ती म्हणाली. "ते लोक दुसऱ्या शेतावर गेले. कुठी, माहीत नाही."

तिनं सुपातले खडे बाजूला केले. मी विचारलं, मावशी, तुम्हाला कसं कळलं? धूर सगळ्यांना होता. तेलाचा वास नव्हता म्हणावं तर आर्वीच्या डोक्यालाही तेल नव्हतं.

"तेल नव्हतं नं," ती म्हणाली. "पण आर्वीच्या डोस्क्याले दहा दिवसांपासून कोणाचा हातच नव्हता. त्या डोस्क्याले हात होता. घामाचा, मातीचा, सकाळीच फिरवलेला. मी वाकली अन् मले वाटलं, अगं बाई, हिची माय आली वाटते. मले खुशी झाली, पोरी. मग म्हटलं, माय कशी येईन शेतात. मग समजलं."

"समजलं होतं?"

"पक्कं समजलं होतं."

"मग टोपी का नाही उचलली?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, ते मला नंतर कळलं.

"तू म्हणली एकोणीस."

लाइनीवरून एक मालगाडी गेली, ती संपेपर्यंत बोलता आलं नाही. मग मी म्हटलं, मावशी, माझी चूक होती, मी लिहून दिली आहे. पुन्हा असं होणार नाही. तुम्ही सांगाल ते मी ऐकीन.

"तू ऐकशीन," ती म्हणाली. "तुह्यावर मले भरोसा हाय. माह्यावर नाही राहिला. चाळीस वर्ष मले जे समजलं ते मी बोलली. मालकाले बोलली, डॉक्टरले बोलली. त्या दिवशी लेकराचा जीव होता, मले समजत होतं, अन् मी म्हटलं बरं मॅडम. हात टोपीवर होता माहा. आता मी पोराइच्या जवळ राहू नाही."

मी तिला खूप समजावलं. नोकरीचं म्हटलं, तिच्या दुखऱ्या गुडघ्यांचं म्हटलं, या वयात दुसरं काम कुठं मिळणार म्हटलं. ती ऐकत होती आणि तांदूळ निवडत होती. निघताना तिनं माझ्या हातात वाटीभर भाजलेले फुटाणे दिले, आईसाठी. महिन्याभरात ती मुलीकडे काटोलकडच्या एका गावी गेली. तिथं ती आता संत्र्याच्या बागेत फळं पाहायला जाते असं ऐकलं. कोणतं आतून सडलं ते तिला न कापता कळतं म्हणे.

तिच्या जागी शाळेत नवी मावशी आली. चांगली आहे, वेळेवर येते, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आहे. टोप्या मी बंद केल्या. आता प्रत्येक पोराचं तोंड पाहून, नाव घेऊन मी मोजते. गेल्या आठवड्यात पोरांना बागेत नेलं होतं. परत निघताना बसमध्ये मी सगळी नावं घेतली, आणि मग नव्या मावशीला विचारलं, मावशी, आपलीच आहेत नं सगळी? तुम्ही एकदा बघा.

तिनं पोरांकडे मानही वळवली नाही.

"तुम्ही मोजले नं, मॅडम," ती हसून म्हणाली. "मग बरोबरच असन."

मी बसमधून सगळ्यांना खाली उतरवलं.